बाल्झ एल्मर रायफल निवडतो

बाल्झ एल्मरला रायफल हवी होती असं म्हणणं तितकंसं खरं नाही. त्याला दर शनिवारी दुपारी गावच्या नेमबाजीच्या शेडमध्ये तासभर पोटावर पडून राहायचं होतं. तिथे पोटावर पडलेल्या माणसाच्या हातात रायफल असावी अशी लोकांची अपेक्षा असते, म्हणून रायफल.

ती लाकडी शेड हिंटरबाख गावाच्या वरच्या अंगाला होती. समोर कुरण, कुरणात पिवळी फुलं, कुरणापलीकडे तीनशे मीटरवर मातीचा उंच बांध आणि बांधापुढे ओळीने उभी पांढरी निशाणं. त्यांच्या डोक्यावर एकपासून सहापर्यंत आकडे. बांधाच्या मागे सरळ डोंगर सुरू होई आणि वर जाता जाता कुठेतरी ढगात हरवून जाई. बाल्झ मोजणी खात्यात नकाशे काढायचा. आठवडाभर तो ह्याच डोंगरांच्या रेषा कागदावर ओढत असे, आणि शनिवारी डोंगर जागच्या जागी आहेत हे पाहून त्याला बरं वाटे. चटईवर पडायचं, गाल दस्त्याला टेकवायचा, अर्धा श्वास सोडायचा. मग जगात एक काळा ठिपका तेवढा उरायचा. गायींच्या घंटा लांबून, जणू पाण्याखालून ऐकू यायच्या. अशा वेळी गोळी सुटली की त्याला थोडं वाईटच वाटायचं.

इतकी वर्षं तो गावच्या नेमबाज मंडळाची एक म्हातारी रायफल वापरत होता. एप्रिलात मंडळाचे अध्यक्ष हान्सयोर्ग श्ट्यूसी यांनी तिच्या नळीत डोळा घालून पाहिलं आणि ती बाजूला ठेवली.

"बाल्झ, हे आता पन्हळ झालंय. ह्यातून पावसाचं पाणी जाईल, गोळी नाही. जूनच्या नेमबाजी मेळ्याआधी स्वतःची घे."

"कुठली घेऊ?" बाल्झने विचारलं.

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. निदान भर शेडमध्ये, सगळे ऐकत असताना तरी नको होता.

कारण रायफली दोन जातींच्या. एक बोल्टची: एक गोळी झाडली की उजव्या हाताने खिट्टी मागे ओढायची, पुढे ढकलायची, मग दुसरी गोळी. दुसरी सेमी-ऑटोमॅटिक, जिला गावात नुसतंच 'आपोआपची' म्हणत: हिला काही ओढावं लागत नाही, चाप दाबला की एक गोळी जाते आणि पुढची आपसूक जागेवर येऊन बसते. दोन्हींची काडतुसं एकाच मापाची, दोन्ही मेळ्यात चालतात. फरक एवढाच की हिंटरबाखमध्ये माणसं एकमेकांचं राजकारण माफ करतात, दुसरा नवरा किंवा तिसरी बायकोही माफ करतात, पण ह्या बाबतीत कुणी कुणाला माफ केल्याचं ऐकिवात नाही.

त्यातून बाल्झचा स्वभाव. तो निर्णय घेत नसे असं नाही, तो निर्णय पिकू देत असे. लष्करी सेवा संपताना तिथे प्रत्येकाला आपली रायफल घरी न्यायची मुभा असते; न्यायची की नाही हे ठरवायला त्याला मुदत दिली होती. ती त्याने विचार करण्यात घालवली, आणि रायफलीऐवजी एक पातेलं घेऊन तो घरी आला. लष्करात तो स्वयंपाकघरात होता.

पहिला सल्ला कुंपणावरून आला. शेजारचे फ्रिडली कुंडर्ट ऐंशीला टेकलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले. झुडपांचं ते कुंपण ते इतक्या वेळा कातरत की बिचाऱ्याला वाढायला उसंत मिळत नसे.

"बोल्टची घे," कात्री थांबवून ते म्हणाले. "खिट्टी ओढताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो."

"तोच तर माझा प्रश्न आहे, फ्रिडली. मी आधीच फार विचार करतो."

"तू विचार करत नाहीस, तू तरंगतोस. त्यात फरक आहे. हाताला काम असलं की माणूस जमिनीवर राहतो."

दुसरा सल्ला अध्यक्षांकडून, त्यांच्याच मांसाच्या दुकानात, वजनकाट्यापलीकडून. बाल्झ वासराच्या मांसाचे सॉसेज घ्यायला गेला होता.

"आपोआपची. दुसरं नावसुद्धा काढू नकोस," सॉसेज कागदात गुंडाळत श्ट्यूसी म्हणाले. "शेवटच्या फैरीत एका मिनिटात सहा गोळ्या असतात. फ्रिडलीसारखी खिट्टी ओढत बसलास तर तुझा चष्मा हलेल, कोपर हलेल, आणि तू, माफ कर हं, तू तर मधेच डोंगर बघत बसशील. तुला अशी बंदूक पाहिजे जी तुझ्या वाटची घाई स्वतः करेल."

दोन्ही सल्ल्यांचा पाया एकच होता, की बाल्झ एल्मर हा माणूस जागा नसतो. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला लागलं. पण त्याने सॉसेजचे पैसे दिले आणि अध्यक्षांना शुभदिन चिंतला.

तिसरा सल्ला देणारे डॉक्टर ब्लुमर. हे दंतवैद्य. त्यांनी बाल्झच्या तोंडात दोन्ही हात घालून पंधरा मिनिटं बोल्टच्या रायफलीची बाजू मांडली. बाल्झ मधूनमधून "आ" म्हणत होता ते दुखत होतं म्हणून, पण डॉक्टरांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि संध्याकाळी उपाहारगृहात 'एल्मर आपल्याकडे आला' असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी श्ट्यूसींच्या दुकानात बाल्झला सॉसेज थोडे बारीक मिळाले.

"तू परवान्याचा अर्ज तर टाकून ठेव," रेगुला म्हणाली. रेगुला त्याची बायको. गावच्या शाळेत गणित शिकवायची आणि मेळ्यात नेमबाजांच्या मागे दुर्बीण लावून गुण लिहायला बसायची. "बोल्टच्या रायफलीला विकणाऱ्याशी नुसता लेखी करार पुरतो. आपोआपच्या रायफलीला परवाना लागतो आणि तो यायला वेळ लागतो. आला तर आला. तोपर्यंत तुझं पिकू दे."

बाल्झने अर्ज भरला. नकाशे काढणाऱ्या माणसाचं अक्षर, त्यामुळे अर्ज दिसायला फार सुरेख झाला. दहा दिवसांनी कचेरीतून एका बाईंचा फोन आला.

"एल्मर साहेब, कारणाच्या रकान्यात तुम्ही 'मनःशांती' लिहिलंय."

"हो."

"असं कारण आमच्याकडे नाही."

"मग काय काय आहे?"

"खेळ, शिकार, संग्रह."

बाल्झने प्रामाणिकपणे विचार केला. "ह्यातलं मनःशांतीच्या जवळचं कुठलं?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मी खेळ लिहिते. पण तुम्हाला सही करायला इथे यावं लागेल." आणि जरा आवाज उतरवून, "एक विचारू? रागावू नका. मनःशांतीच हवी तर एका वेळी एक गोळी पुरणार नाही का?"

म्हणजे ह्यासुद्धा बोल्टवाल्या. बाल्झने फोन ठेवला आणि तो खिडकीतून बाहेर पाहत राहिला. डोंगरावर एक ढग आला होता. तो डावीकडे जावं की उजवीकडे ह्याचा काही निर्णय घेत नव्हता, आणि त्याला कुणी फोन करत नव्हतं.

आता, वापरून पाहिल्याशिवाय ठरवू नये हे कुणीही सांगेल. श्ट्यूसींनी आपली जादा रायफल दिली आणि एका शनिवारी बाल्झ आपोआपची घेऊन आडवा झाला. उजवीकडच्या चटईवर फ्रिडली कुंडर्ट होते. ते नेहमीच तिथे असत. बाल्झने चाप दाबला. गोळी गेली, खांद्याला धक्का बसला आणि काडतुसाची रिकामी पुंगळी खटकन बाहेर उडाली. ही पुंगळी बाहेर येते तेव्हा तव्यासारखी तापलेली असते. ती अडवायला दोन चटयांच्या मध्ये जाळी लावतात, पण त्या दिवशी जाळी साफ करायला बाहेर नेलेली होती. पुंगळीने हवेत एक छानशी कमान काढली आणि ती फ्रिडलींच्या शर्टाच्या कॉलरमधून आत उतरली.

फ्रिडली कमी बोलणारे. त्यांनी आधी आपली रायफल रिकामी केली, नियमाप्रमाणे खिट्टी मागे ओढून खाली ठेवली, उठून उभे राहिले, आणि मगच ओरडले.

त्यानंतर कुंपण गप्प झालं. कात्रीचा आवाज यायचा, पण बाल्झ बागेत आला की तोही थांबायचा. बाल्झने एक पाव नेऊन दिला, तो स्वीकारला गेला, टोपली परत आली, पण शब्द आला नाही. आपल्याला शांतता हवी असते असं बाल्झ आयुष्यभर समजत आला होता. ही शांतता वेगळी निघाली. ती कुंपणावरून वाकून घरात बघायची.

एका रविवारी फ्रिडलींची मुलगी मार्ग्रिट त्यांना भेटायला आली होती. ती कुंपणापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाल्झ, बाबांना पुन्हा बोलतं कर ना. ते रागावलेले नाहीत. घाबरलेत."

"पुंगळीला?"

"डोळ्यांना. त्यांना निशाणावरचा ठिपका दिसतच नाही आता. डॉक्टरांनी मलाच सांगितलंय, त्यांना नाही, म्हणजे त्यांनाही सांगितलंय, पण ते ऐकत नाहीत. मी दर वर्षी म्हणते, बाबा, सोडा. ते म्हणतात, अजून एकदा पदक मिळू दे, लगेच सोडतो. हरून उठणार नाही म्हणतात. तीन वर्षं झाली, पदक मिळत नाही आणि ते उठत नाहीत." ती कुंपणाच्या पानांकडे बघत होती. "माझी झोप जाते रे. भरलेली बंदूक आणि दिसत नाही."

पदक म्हणजे पानांची माळ कोरलेली एक चकती. मेळ्यात ठरावीक गुण मिळवणाऱ्याला ती छातीवर लावायला मिळते. गावात ती कधीही न मिळालेले पुरुष दोनच होते, बाल्झ आणि पाद्री, आणि पाद्री बाहेरगावचा होता.

बाल्झ त्याच संध्याकाळी फ्रिडलींकडे गेला आणि म्हणाला, "मला तुमची बोल्टची एकदा वापरून बघायची आहे. शिकवाल का?"

फ्रिडलींनी त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या थोडं डावीकडे, रोखून पाहिलं. "आता शुद्धीवर आलास," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी पाऊस नुकताच थांबला होता आणि कुरणातून वाफ वर येत होती. बाल्झने पहिली गोळी झाडली, खिट्टी मागे ओढली. मऊ, तेल घातलेल्या कडीसारखा आवाज आला. फ्रिडली खरं सांगत होते. हाताला काम होतं, आणि त्या कामात एक प्रकारचा डुलता पाळणा होता. निशाणांपुढून धुक्याचा एक पट्टा सरकत होता. तो जाईपर्यंत थांबावं म्हणून बाल्झने खिट्टी उघडी ठेवून रायफल नियमाप्रमाणे चटईवर टेकवली, हात बाजूला घेतला आणि गाल मनगटावर ठेवला. धुकं सरकत होतं. बाल्झ सरकत होता. तो आपल्या नकाशावरून चालला होता, उंचीच्या रेषांवर पाय ठेवत, आणि रेषा पायाखाली गवतासारख्या वाकत होत्या. वर एका सपाटीवर कचेरीतल्या त्या बाई दूध विकत होत्या आणि म्हणत होत्या, एका वेळी एकच पेला.

त्याला कुणीतरी बुटाच्या तळव्याला हळूच टोचलं. शेडमध्ये कुणीही गोळी झाडत नव्हतं. सगळे आपापली चटई सोडून त्याच्याभोवती उभे होते, आणि अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"नेम लागला का, बाल्झ?" त्यांनी विचारलं.

रायफल रिकामी होती आणि जागच्या जागी होती, म्हणून मंडळाने त्याच्यावर कारवाई केली नाही. कारवाई केली असती तर बरं, असं त्याला नंतर वाटलं. सोमवारी त्याच्या कचेरीतल्या खुर्चीवर उशी होती. बेकरीत पोरीने विचारलं, "पावासोबत पांघरूण देऊ?" डॉक्टर ब्लुमर म्हणाले की भूल न देता झोपणारा पेशंट त्यांना आधी कधी मिळाला नव्हता. मंडळाच्या इतिहासात दोन लढाया, एक पूर आणि एक फुटीचा प्रसंग नोंदलेला होता, पण झोपलेला नेमबाज हे प्रथमच घडत होतं. फ्रिडलींनी एवढंच म्हटलं, "बोल्टची त्याला फार मानवली." ते कौतुक होतं की टोमणा हे कुणालाच कळलं नाही.

माणसाचा अभिमान कुठे असतो हे तो दुखावेपर्यंत कळत नाही. बाल्झचा बहुधा पोटात होता, कारण तो आठवडाभर नीट जेवला नाही. शुक्रवारी परवाना पोस्टाने आला. शनिवारी सकाळी तो उठला, कोट घातला आणि खालच्या शहरात फ्राऊ लुक्सिंगरच्या बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानात एक म्हातारा कुत्रा होता, तो गिऱ्हाइकांकडे बघायचाही कंटाळा करायचा.

"आपोआपची द्या," बाल्झ म्हणाला.

"नक्की?" फ्राऊ लुक्सिंगरने विचारलं. ती त्याला ओळखून होती. वर्षापूर्वी त्याने तिच्याकडून कान झाकायचे इअरमफ घेतले होते, तीन खेपांत.

"नक्की."

दुकानात हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा वापरला होता. कुत्र्याने मान वर केली.

रायफल जुनी लष्करी होती, नळीखाली टेकायला दोन पाय असलेली, आणि चांगलीच जड. घरी आणून त्याने ती टेबलावर ठेवली. रेगुलाने वह्या तपासता तपासता तिच्याकडे पाहिलं. "आवडली?"

"तिला माझ्या वाटची घाई करायची आहे," बाल्झ म्हणाला.

"ठीक आहे. घाई झाली की सांग, जेवायला वाढते."

मेळ्याच्या दिवशी सबंध खोरं चमकत होतं. शेडमागे मंडपात बटाट्याचं सॅलड आणि भाजलेले सॉसेज, बँडवाले गळ्याची बटणं सोडून बसलेले, आणि वर डोंगरावर राहिलेला बर्फ दिसायला ढगांसारखाच, नुसता न हलणारा. बाल्झला चार नंबरची चटई मिळाली. पाच नंबरवर, त्याच्या उजव्या हाताला, फ्रिडली कुंडर्ट. ह्या वेळी मध्ये जाळी होती, आणि शिवाय फ्रिडलींनी मानेला मफलर गुंडाळला होता. बाल्झच्या मागे गुण लिहायला डॉक्टर ब्लुमर, फ्रिडलींच्या मागे रेगुला. निशाणांखालच्या खंदकात माणसं बसलेली. गोळी लागली की ती लांब काठीवरची पाटी वर करून गुण दाखवीत.

पहिल्या फैरी एकेका गोळीच्या. बाल्झच्या बऱ्या गेल्या. छान नाही, लाजिरवाण्याही नाहीत. नवी रायफल त्याच्या खांद्यावर शिस्तीत आदळत होती. फ्रिडलींच्या कशाबशा काठाकाठाने लागत होत्या. ते प्रत्येक गोळीआधी चष्मा पुसत, आणि पाटी वर आली की विचारत, "किती म्हणाले?" मग रेगुला सांगे. मंडपाच्या कडेला मार्ग्रिट उभी होती. तिने एकदाही निशाणाकडे पाहिलं नाही, ती बापाच्या पाठीकडे पाहत होती.

शेवटची जलद फैर तेवढी राहिली, आणि कुरणात गाय आली.

करडी, भरल्या अंगाची, गळ्यात ताटाएवढी घंटा. कुंपणाची तार कुठे वाकली होती कोण जाणे. श्ट्यूसींनी शिट्टी फुंकली, लाल झेंडा चढला, सगळ्या रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या गेल्या. गाय चालत चालत बरोबर पाच नंबरच्या निशाणापुढे जाऊन उभी राहिली, मागे वळली आणि शेडकडे तोंड करून रवंथ करू लागली. तिला आणायला एक माणूस पाठवला. तो जवळ गेला की ती चार पावलं सरके, तो थांबला की परत तिथेच येई.

बाल्झ चटईवर पडल्या पडल्या बघत होता. तिचा जबडा गोल गोल फिरत होता. घंटा हलायची तेव्हा आवाज जरा उशिरा पोचायचा, जणू तो वाटेत फुलं बघत येत होता. उन्हाने चटईला डांबराचा वास सुटला होता. एवढी माणसं, एवढी दारू, अध्यक्षांची शिट्टी, आणि गायीला काहीही ठरवायचं नव्हतं. बाल्झला तिचा हेवा वाटला नाही. नुसतं फार बरं वाटलं. शेवटी त्या माणसाने तिला मीठ दाखवलं आणि ती त्याच्यामागून निघून गेली. ती जिथे होती तिथे पांढरं निशाण उरलं, मध्यभागी काळा ठिपका. बाल्झची नजर तिथेच होती. ती काढायचं काही कारण त्याला दिसलं नाही.

"सहा गोळ्या, एक मिनिट," श्ट्यूसींचा आवाज आला. "भरा."

त्याने भरली.

"फैर."

नंतर त्याला ते मिनिट नीट आठवत नसे. आठवायचं ते इतकंच की घाई नव्हती. रायफल धक्का द्यायची, ठिपका वर जायचा, परत खाली येऊन जागेवर बसायचा, पाण्यावरच्या बदकासारखा, आणि तो बसला की बोट आपण होऊन मागे यायचं. उजवीकडे फ्रिडलींच्या खिट्टीचा खटक-खटक आवाज येत होता. सहावी गोळी गेली तेव्हा त्याला कळलं की तो स्वतःशी गुणगुणत होता.

खंदकातून पाट्या वर आल्या. पाच नंबरवर पाटी मध्यावर टेकली, पुन्हा मध्यावर, पुन्हा मध्यावर. एवढा वेळ ती तिथे टेकत राहिली की मंडपातले लोक खाणं सोडून उठले. चार नंबरवर पाटी एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलली. म्हणजे काही नाही.

डॉक्टर ब्लुमर खाली वाकले. "बाल्झ, थोडं दुखेल," ते हळूच म्हणाले. "शून्य. सहाही."

बाल्झने निशाणाच्या डोक्यावरचा आकडा पाहिला. मग आपल्या चटईवरचा आकडा पाहिला. मग गाय जिथे उभी होती ती जागा पाहिली. मोजणी खात्याच्या माणसाला ह्याहून जास्त पुरावा लागत नाही.

"चार नंबर, तक्रार असेल तर आत्ताच सांग," श्ट्यूसी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. शेवटी आपोआपच्या बाजूचा तो उमेदवार होता. "निशाण तपासायचं का? खंदकात विचारू?"

बाजूला फ्रिडली गुडघ्यावर आले होते. चष्मा हातात, मफलर सुटलेला. "किती?" ते विचारत होते. "रेगुला, किती म्हणाले? मला नीट ऐकू आलं नाही. खरं सांग." आणि मार्ग्रिट गवतातून धावत येत होती.

"काही तक्रार नाही," बाल्झ म्हणाला.

संध्याकाळी मंडपात फ्रिडलींच्या छातीवर पदक लागलं. त्या फैरीतले गुण सबंध दिवसातले सर्वांत जास्त होते, त्यामुळे त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. फ्रिडली, जे कमी बोलतात, अर्धा तास बोलले. त्यांचा विषय होता बोल्ट. खिट्टी ओढताना माणूस कसा जमिनीवर राहतो, घाई करणाऱ्या बंदुकीने नेम कसा जातो, आणि ह्याला दाखला म्हणून त्यांनी प्रेमाने हात करून आपल्या शेजाऱ्याला उभं केलं.

"हा बाल्झ. चांगला माणूस आहे. मी त्याला कुंपणावरून सांगितलं होतं. ऐकलं नाही. महागाची आपोआपची घेतली, आणि सहाच्या सहा मातीत."

लोक हसले. बाल्झ उभा राहिला, मान लववली आणि बसला. डॉक्टर ब्लुमरांनी त्याच्या ग्लासात वाइन ओतली. श्ट्यूसी दुसऱ्या टेबलावर बसून सॅलडकडे बघत होते.

"आणि आता," फ्रिडली म्हणाले, "माझी रायफल कपाटात जाईल. मी जिंकून उठतोय. मार्ग्रिट, ऐकलंस ना? नंतर म्हणू नकोस बाबांनी सांगितलं नाही."

मार्ग्रिटने तोंडावर रुमाल धरला होता. जाता जाता ती बाल्झच्या खांद्यावर हात ठेवून गेली, उजव्याच, आणि तो दुखत होता.

घरी जाताना वाट कुरणाच्या कडेने जात होती. ऊन डोंगरावर चढून गेलं होतं आणि खाली सगळं निळसर झालं होतं. बाल्झ रायफल खांद्याला लावून पुढे, रेगुला जोडे हातात घेऊन मागे.

"धूळ उडत होती," रेगुला म्हणाली.

"कुठे?"

"पाच नंबरच्या वर, बांधावर. फ्रिडली खिट्टी ओढायचे, झाडायचे, आणि वर माती उडायची. सहा वेळा." ती थोडा वेळ चालत राहिली. "माती उडायची ती त्यांच्या आवाजाबरोबर. आणि भोकं पडायची ती तुझ्या आवाजाबरोबर."

बाल्झ थांबला. "तू काय लिहिलंस?"

"जिथे लागल्या तिथे लिहिल्या. मला त्यांचे गुण लिहायला बसवलं होतं, मी लिहिले. नियमात मनातलं लिहायला रकाना नाही."

 मागे मंडपात बँड पुन्हा सुरू झाला होता.

"सगळ्या मध्यात?" त्याने विचारलं.

"पाच मध्यात. एक किंचित डावीकडे."

"ती पहिली असणार," बाल्झ विचार करत म्हणाला. "तेव्हा मी गायीत होतो."

रेगुलाला हसू आवरेना. ती वाटेकडेच्या दगडावर बसली, जोडे गवतात टाकले आणि डोळे पुसू लागली. बाल्झने रायफल जपून खाली ठेवली आणि तो तिच्याशेजारी बसला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "पहिल्या गोळीपासून. सावकाश."

रेगुलाने पहिल्या गोळीपासून सांगायला सुरुवात केली.